चित्रशाळेतून कारखान्याकडे

वऱ्हाडातील काळी जमीन कपाशीला मोठी मानवते. अमरावती आणि अकोला या जिल्ह्यांत पिढ्यान्‌पिढ्या कपाशी पिकत आली ती या जमिनीच्या बळावर. परंतु हीच जमीन उन्हाळ्यात दगडासारखी कठीण होते आणि तिला खोल खोल भेगा पडतात. वऱ्हाडी शेतकऱ्याचे जुने मुख्य अवजार म्हणजे वखर. वखराची पास मातीचा वरचा थर तेवढा खरवडून काढते. कुंदा आणि हरळी यांची मुळे मात्र तिच्या खाली सुखरूप राहतात. ती उपटावयाची तर नांगर हवा. जुना लाकडी नांगर माती चिरीत जाई, पण ती उलटवीत नसे. माती उलटविणारे लोखंडी नांगर विलायतेत बनत. तसा नांगर आपल्या देशात, देशी कारागिरांच्या हातून घडविण्याचे काम ज्यांनी केले, त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लहानपणी नांगराचे स्वप्न पाहिले नव्हते. त्यांना चित्रकार व्हावयाचे होते.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. मराठी संगीत रंगभूमीचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे अभ्यासक होते. मुलाने शाळेत नीट शिकावे, मग एखादी बरी नोकरी धरावी, असे त्या काळच्या कोणत्याही वडिलांस वाटे. लक्ष्मणचे मन पुस्तकात रमत नसे. यंत्राचा एखादा भाग हाती आला की तो उलगडून पाहावा, नाही तर कागद घेऊन चित्र काढीत बसावे, हे त्याचे दोन छंद. चित्रकला शिकण्यासाठी मुंबईस जावयाचे त्याने ठरविले, तेव्हा वडिलांना ते मुळीच पसंत पडले नाही. चित्रे काढून पोट भरते, यावर त्या काळी कोण विश्वास ठेवणार? थोरले बंधू रामुअण्णा मात्र पाठीशी उभे राहिले, आणि १८८५ साली सोळा वर्षांचा लक्ष्मण मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाला.

सर जमशेटजी जिजीभाई यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून ही शाळा १८५७ साली सुरू झाली होती. तेथे येणाऱ्या नवख्या विद्यार्थ्यास लगेच रंगांची पेटी मिळत नसे. आरंभी पुष्कळ दिवस नुसती रेषा. सपाट नक्षी पाहून ती तंतोतंत उतरवावयाची. मग भूमितीच्या आकृती. मग प्लास्टरचे नमुने समोर ठेवून त्यांचा उठाव छायेने दाखवावयाचा. दूरची वस्तू लहान का दिसते आणि समांतर रेषा एकत्र येताना का भासतात, ते कागदावर मांडावयाचे. हात स्थिर व्हावा, डोळ्याला मापाची सवय लागावी, एवढ्यासाठी ही सारी खटपट असे. उतावळ्या मुलांना हे शिक्षण रूक्ष वाटणे स्वाभाविक होते. लक्ष्मणराव त्यात रमले. दोन वर्षे त्यांनी नेटाने काम केले.

आणि मग एक विचित्र गोष्ट उघडकीस आली. त्यांची रेषा निर्दोष होती. पण रंग चुकत. ही चूक आळसाची नव्हती, की शिकण्यातील कच्चेपणाचीही नव्हती. काही रंगांमधील भेद त्यांच्या डोळ्यांना दिसतच नव्हता. या दोषास रंगांधत्व म्हणतात. तो बहुधा जन्मापासूनच असतो आणि स्त्रियांपेक्षा पुरुषांत पुष्कळ अधिक आढळतो. असा दोष असलेल्या कित्येकांना हिरव्या झुडपावर लालभडक पिकलेली मिरची पानांपासून चटकन वेगळी काढता येत नाही. दृष्टी अधू नसते, वस्तूचा आकार स्पष्ट दिसतो, म्हणून वर्षानुवर्षे हा दोष त्या माणसाच्या ध्यानातही येत नाही. त्यावर औषध नव्हते. लक्ष्मणरावांचा दोष अंशतः होता, तरी चित्रकाराचा धंदा करावयाचा तर तेवढाही पुरे होता.

वडिलांचा विरोध पत्करून ज्यासाठी घर सोडले, तीच वाट अठराव्या वर्षाच्या सुमारास अशी बंद झाली. गावी परत जाणे त्यांना सोपे होते. पण ते गेले नाहीत. कुंचला त्यांनी खाली ठेवला, रेषा मात्र सोडली नाही. यंत्रांची रेखाचित्रे काढण्याचे शिक्षण त्यांनी पुढे चालू ठेवले. यंत्राच्या चित्रात रंगाचे काही काम नसते. तेथे एकच वस्तू वरून कशी दिसते, समोरून कशी दिसते, बाजूने कशी दिसते, आणि मधोमध कापली तर आत काय असेल, हे अचूक मापात काढावे लागते.

या विद्येच्या आधारावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना दरमहा ४५ रुपयांवर साहाय्यक शिक्षकाची जागा मिळाली. शिकविण्याचे तास संपले की ते तेथील यंत्रशाळेत शिरत. जे यंत्र वर्गात फळ्यावर काढावयाचे, ते येथे हाताने खोलावयाचे आणि पुन्हा जुळवावयाचे. आज कला आणि आरेखन शिकणाऱ्यांना पहिल्याच वर्षी कागद, माती, लाकूड आणि धातू हाताळावयास लावतात. लक्ष्मणरावांनी हा अभ्यासक्रम आपला आपणच घालून घेतला होता. दरम्यान १८८८ साली बेळगावात किर्लोस्कर बंधूंचे सायकलींचे दुकान निघाले. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवाव्या आणि रामुअण्णांनी त्या विकाव्या, गिऱ्हाइकांना चालविण्यास शिकवावे, असा क्रम चालू झाला. पुढे बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि बेळगावची वाट धरली.

बेळगावात त्यांनी लहानसा कारखाना काढला. पहिले यंत्र बनविले ते कडबा कापण्याचे. त्यानंतर त्यांनी लोखंडी नांगराकडे लक्ष वळविले.

ओतीव लोखंडाचा नांगर बनविणे म्हणजे काय, हे समजून घेण्यासारखे आहे. लोहाराने लोखंड तापवून ठोकले की फाळ होतो. पण माती उचलून उलटी टाकणारे जे वाकडे पाते असते, त्याचा बाक प्रत्येक ठिकाणी निराळा असतो. तो आधी कागदावर यावा लागतो. त्या चित्रावरून सुतार लाकडाचा नमुना करतो, आणि तो मूळ मापाहून किंचित मोठा ठेवतो. कारण वितळलेले लोखंड निवताना फुटामागे सुमारे एक अष्टमांश इंच आक्रसते. हा नमुना ओलसर वाळूच्या पेटीत दाबून बसवितात आणि अलगद बाहेर काढतात. वाळूत त्याच्याच आकाराची पोकळी राहते. तीत भट्टीतील रस ओततात. रस निवला की वाळू फोडून आतील वस्तू काढावयाची. चित्रातील रेषा केसभर चुकली तर ती चूक लाकडात उतरते, लाकडातून वाळूत आणि वाळूतून लोखंडात. तेव्हा कलाशाळेतील प्लास्टरच्या नमुन्यांपुढे घालविलेले ते दिवस वाया गेले होते, असे कोण म्हणेल?

१९०३ साली नांगर तयार झाला. विकला मात्र जाईना. लोखंड जमिनीत गेले तर जमीन विषारी होईल, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. तिला हसण्याचे कारण नाही. ज्याचे सारे वर्ष एका शेतावर अवलंबून आहे, त्याने त्या शेतात अनोळखी वस्तू घालताना दहा वेळा विचार करावा, हे योग्यच होते. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली.

नांगराचा जम बसू लागला होता, तोच बेळगावच्या नगरपालिकेने ती जागा नव्या वस्तीसाठी मागितली. कारखाना हलविणे भाग पडले. पण भट्टी, यंत्रे, कामगार आणि त्यांची बायकामुले घेऊन जावे तरी कोठे? त्या सुमारास औंध संस्थानातील देवालयाच्या सभामंडपाचे काम लक्ष्मणरावांकडे होते. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार होते, रामायणातील प्रसंग त्यांनी आपल्या हाताने रंगविले होते. या चित्रकार राजाने कुंडल रोड स्थानकाजवळची बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज लक्ष्मणरावांना देऊ केले. ज्याला स्वतःला रंग वापरता आले नाहीत, त्याच्या पाठीशी एक रंगांचा भोक्ता उभा राहावा, हा योग मोठा गमतीचा खरा.

जमीन म्हणजे निव्वळ माळ होता. निवडुंग माजलेला, पाण्याची वानवा, आणि निवडुंगाच्या आडोशाला नागांची वस्ती. १० मार्च १९१० रोजी येथे किर्लोस्करवाडीची स्थापना झाली. निवडुंग तोडून राहुट्या आणि झोपड्या उभ्या राहिल्या. पाठोपाठ कारखाना, घरे, रस्ते आणि शाळा झाली. नांगरांबरोबर उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे आणि पाण्याचे पंपही येथे बनू लागले. पहिल्या महायुद्धात विलायती माल येणे थांबले, तशी देशी नांगरांना मागणी वाढली. पण लोखंड आणि कोळसाही मिळेनासा झाला. तेव्हा लक्ष्मणरावांनी कोळशाऐवजी लाकडावर चालतील अशा भट्ट्या योजिल्या. १९२० साली या वाडीतून ‘किर्लोस्कर खबर’ मासिक निघू लागले, आणि माळावरचे हे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोचले.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, लक्ष्मणरावांचे देहावसान झाले. २० जून १९६९ रोजी, त्यांच्या जन्मास शंभर वर्षे झाली त्या दिवशी, भारताच्या टपाल खात्याने त्यांचे चित्र असलेले तिकीट प्रसिद्ध केले.