ही भूमी कोणाची? – बिशप बार्तोलोमे दे लास कासास

स्पेनमधील सेव्हिल शहरात १४८४ साली बार्तोलोमे यांचा जन्म झाला. त्यांचे वडील कोलंबसच्या दुसऱ्या सफरीत गेले होते. १५०२ साली बार्तोलोमेही हिस्पॅनिओला बेटावर पोहोचले. तेथे त्यांना जमीन मिळाली आणि ती कसण्यासाठी मूळ रहिवासी वेठीला मिळाले. पुढे ते धर्मगुरू झाले, तरी वेठबिगार सुटली नाही.

१५११ च्या आगमन काळात फादर मोन्तेसिनोस या डॉमिनिकन धर्मगुरूंनी वेदीवरून या जुलमाचा जाहीर निषेध केला. तेव्हा बार्तोलोमे बदलले नाहीत. १५१४ साली क्युबा बेटावर पेंटेकॉस्टच्या प्रवचनाची तयारी करताना मात्र जुन्या करारातील एक उतारा त्यांच्या काळजाला भिडला. गरिबांना लुबाडून केलेले अर्पण देवाला मान्य नाही, असा त्याचा आशय होता. आपण वेदीवर ठेवतो ती भाकर कोणाच्या घामाची, हा प्रश्न त्यांना छळू लागला. १५ ऑगस्ट रोजी, स्वर्गउन्नयनाच्या सणाला, त्यांनी आपल्या ताब्यातील माणसे सोडत असल्याचे प्रवचनातून जाहीर केले.

पुढे ते डॉमिनिकन संघात गेले. त्यांच्या प्रयत्नांमुळे सम्राट पाचवा चार्ल्स याने १५४२ साली नवे कायदे करून मूळ रहिवाशांना गुलाम करण्यास बंदी घातली. चियापासचे बिशप झाल्यावर, लुबाडलेले परत केल्याशिवाय पापक्षमा नाही, असा आदेश त्यांनी काढला. जमीनदार खवळले, पण बिशप हटले नाहीत.

१५५० साली वायादोलिद येथे त्यांचा विद्वान सेपुल्वेदा यांच्याशी वाद झाला. हे लोक जन्मतःच गुलामीच्या लायकीचे, असे सेपुल्वेदा यांचे म्हणणे होते. लास कासास यांनी ते खोडून काढले. या लोकांना स्वतःचे राजे, कायदे व नगरे आहेत. बाप्तिस्मा झाला नाही म्हणून कोणाचे राज्य वा शेत परक्याचे होत नाही. पोप सहावे अलेक्झांडर यांनी १४९३ साली स्पेनला दिलेला अधिकार सुवार्ता सांगण्याचा होता, लुटीचा नव्हता. प्रजेच्या संमतीशिवाय सत्ता न्याय्य ठरत नाही, असे ते मांडत राहिले. परीक्षकांनी स्पष्ट निकाल दिलाच नाही.

त्यांच्या हातून एक मोठी चूक घडली. मूळ रहिवाशांचा भार हलका व्हावा म्हणून आफ्रिकेतून गुलाम आणण्याची सूचना त्यांनी सुरुवातीला केली होती. तोही तितकाच अन्याय आहे हे उमगल्यावर त्यांनी आपल्या इतिहासग्रंथात पश्चात्ताप लिहून ठेवला.

१५६६ साली माद्रिद येथे त्यांचे निधन झाले. परक्यांची भूमी ‘शोधणारा’ तिचा मालक होतो, हा सिद्धांत व्हॅटिकनने ३० मार्च २०२३ रोजी जाहीरपणे नाकारला. लास कासास यांनी हे सुमारे पावणेपाचशे वर्षांपूर्वी सांगितले होते.

बंधुभगिनींनो, दानपेटीत आपण जे टाकतो, ते कोणाच्या घामाचे आहे?