सर्पगंधा, डॉ. वकील आणि पन्नास रुग्ण

रक्तदाबाची गोळी घेणारे रुग्ण आज परंड्यापासून मुंबईपर्यंत घरोघरी आहेत. १९४०च्या दशकात मात्र या विकारावर खात्रीचे औषध जवळपास नव्हते. मीठ तोडायचे, विश्रांती घ्यायची आणि काही मोजक्यांवर नसा कापण्याची अवघड शस्त्रक्रिया करायची, एवढेच डॉक्टरांच्या हाती असे.

त्या काळी डॉ. रुस्तम जाल वकील मुंबईच्या केईएम रुग्णालयात हृदयरुग्ण तपासत. १९११ साली मुंबईत जन्मलेले हे पारशी डॉक्टर लंडनमध्ये उच्च शिक्षण घेऊन परतले होते. सर्पगंधेचे मूळ वैद्य पिढ्यान्‌पिढ्या वापरत होते. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी मनोविकार व रक्तदाबावरील तिच्या उपयोगाबद्दल लिहिलेही होते. तरीही जगाचे लक्ष तिकडे गेले नव्हते. वकील यांनी पन्नास रुग्णांना या मुळाच्या गोळ्या दिल्या, त्यांच्या रक्तदाबाच्या नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये त्या ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केल्या. बहुतेकांचा रक्तदाब उतरला होता.

तो लेख वाचून अमेरिकेत बोस्टनला डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी प्रयोग सुरू केले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये मुळातून रेसरपिन वेगळे काढण्यात आले. वकील यांना १९५७ मध्ये लास्कर पुरस्कार आणि १९५८ मध्ये पद्मभूषण मिळाले.

पण पन्नास रुग्ण काय सांगू शकतात, यालाही मर्यादा असते. हजारात एकाला होणारा अपाय पन्नास जणांत दिसण्याची शक्यता शंभरात जेमतेम पाच. रेसरपिन लाखो लोक घेऊ लागले, तेव्हा दुसरी बाजू पुढे आली. ते मज्जातंतूंच्या टोकांतील नॉरॲड्रेनालिनचा साठा रिकामा करते. त्यामुळे रक्तदाब उतरतो, पण नाडीही मंदावते, नाक चोंदते आणि काहींना, विशेषतः जास्त मात्रेत, गंभीर नैराश्य येते. डिजिटॅलिस किंवा क्विनिडिनसोबत दिल्यास हृदयाची लय बिघडू शकते. याच मुळातले दुसरे द्रव्य अजमलिन. ते लय सुधारण्यासाठी वापरले गेले, पण ते स्वतःही लय बिघडवू शकते. म्हणून ब्रुगाडा या हृदयविकाराच्या तपासणीसाठी ते देतात तेव्हा रुग्णालयात, ईसीजीवर नजर ठेवूनच देतात.

सप्टेंबर १९७४ मध्ये ‘लॅन्सेट’मधील तीन अभ्यासांनी रेसरपिनचा संबंध स्तनाच्या कर्करोगाशी जोडला आणि खळबळ उडाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वकील यांचे निधन झाले. पुढच्या अभ्यासांत तो आरोप टिकला नाही, हे पाहायला ते उरले नव्हते.

दोन्ही निकाल मोजणीतूनच आले. औषध गुणकारी आहे हे पन्नास रुग्णांत दिसले. त्याचे अपाय कळायला हजारो रुग्ण आणि अनेक वर्षे लागली, आणि खोटी भीती ओळखायलाही तेवढीच चिकाटी लागली. आज नवे औषध बाजारात येण्याआधी ते ईसीजीवरील ‘क्यूटी’ अंतर लांबवते का, हे मुद्दाम तपासतात, आणि विक्री सुरू झाल्यावरही अपायांच्या नोंदी घेतात. त्या नोंदींची सुरुवात रुग्णाच्या तोंडूनच होते. रक्तदाबाच्या गोळीबरोबर जडीबुटीचे चूर्ण चालू असेल, चक्कर येत असेल, छातीत धडधडत असेल, तर ते डॉक्टरांना सांगावे. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये.