दिवाणखान्यातला समुद्र

नवीन पनवेलच्या किंवा खांदा कॉलनीच्या फ्लॅटमध्ये मोठा रीफ टँक बसवायचा बेत तुमच्यापैकी काही जण नक्की आखत असतील. रील्समध्ये तो दिसतोच तसा! निळा उजेड, संथ डोलणारी समुद्रफुलं, त्यांच्यात लपणारे क्लाउनफिश. चार बाय दोन बाय दोन फुटांच्या टाकीत साडेचारशे लिटर पाणी मावतं. दगड, काच आणि स्टँड धरला तर अर्ध्या टनाच्या वर वजन एका भिंतीलगत येतं. तेव्हा बजेट काढा, सोसायटीला विचारा, आईबाबांना पटवा. पण त्याआधी या छंदाच्या मूळपुरुषाला भेटा. त्याचं नाव फिलिप हेन्री गॉस. घरातल्या पाण्याच्या काचपेटीला ‘अॅक्वेरियम’ हा शब्द त्यानंच रूढ केला.

गॉसचा जन्म 6 एप्रिल 1810 चा, इंग्लंडमधल्या वूस्टरचा. वडील गावोगाव फिरून माणसांची छोटी चित्रं रंगवायचे, त्यामुळे घरात कला होती आणि पैसा नव्हता. पोरगं वाढलं पूल या बंदरात. सतराव्या वर्षी ते थेट न्यूफाउंडलंडला गेलं, मासळीच्या व्यापाऱ्याकडे कारकून म्हणून. हिशेबाच्या वह्या लिहिता लिहिता त्याला किडे आणि सूक्ष्मदर्शकाचा नाद लागला. मग कॅनडात शेती केली, ती बुडाली. अमेरिकेत अलाबामामध्ये मास्तरकी केली, तिथली गुलामगिरी बघवेना. 1839 मध्ये तो मायदेशी परतला तेव्हा खिशात जवळपास काहीच नव्हतं, पण बोटीवर लिहिलेलं एका पुस्तकाचं हस्तलिखित होतं. ते छापलं गेलं आणि गडी लेखक झाला. कॉलेजची पायरी मात्र तो कधीच चढला नव्हता.

पुढे दीड वर्ष तो जमैकात पक्षी पाहत हिंडला. कर्नाळ्याला पहाटे दुर्बीण घेऊन जाणाऱ्यांना सांगायला हवं, की सॅम्युअल कॅम्पबेल हा कृष्णवर्णीय तरुण त्याचा तिथला मदतनीस होता आणि आपल्या पुस्तकात गॉसनं त्याचं श्रेय नावानिशी दिलं. त्या काळात असं सहसा कुणी करत नसे.

1852 च्या सुमारास कामाच्या ताणानं तब्येत ढासळली. हवापालट म्हणून तो पत्नी एमिली आणि छोट्या एडमंडला घेऊन डेव्हनच्या किनाऱ्यावर गेला. ओहोटीला उघडी पडणारी खडकांतली डबकी तिथं त्यानं पाहिली आणि तो त्यांच्यात अडकलाच. इंग्लंडच्या थंड समुद्रात प्रवाळाची बेटं नाहीत, पण एकेकटं वाढणारं, बोटाच्या पेराएवढं दगडी प्रवाळ मिळतं आणि समुद्रफुलं तर रंगीबेरंगी. हे सगळं घरी जिवंत ठेवता येईल का?

हा प्रश्न त्याच्या आधी एका बाईनं सोडवायला घेतला होता. 1846 मध्ये अॅना थिन यांनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून दगडी प्रवाळ बरणीतून लंडनला नेलं. हिंदकळू नये म्हणून ते सुईदोऱ्यानं स्पंजावर टाचलं होतं. घरची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून रोज अर्धा-पाऊण तास पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतायची. तुमच्या टाकीतल्या वेव्हमेकरचं काम तेव्हा त्या बाईचे हात करत होते. तिचं नाव मात्र कुठल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आलं नाही.

गॉसनं प्रयोग करून हिशेब मांडला: हिरवं शेवाळ प्राणवायू देईल, प्राणी तो वापरतील, गोगलगाई काच साफ ठेवतील. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जगातलं पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं, त्यासाठीही त्यानं किनाऱ्यावरून जीव गोळा करून पाठवले. 1854 मध्ये त्याचं ‘द अॅक्वेरियम’ हे पुस्तक आलं, त्यातली रंगीत चित्रंही त्यानंच काढलेली.

आता तुमच्या कामाचा भाग. लंडनला समुद्राचं पाणी आणायचं कुठून? पनवेलकरांना वाटेल, आपल्याकडे खाडी आहे की दारात. पण खाडीचं पाणी गाळानं भरलेलं, त्यात सांडपाणी मिसळलेलं, आणि पावसाळ्यात तर ते पार अळणी होतं. गॉसनं समुद्राच्या पाण्याचं रासायनिक पृथक्करण वाचलं आणि पाणी घरीच बनवलं. जेमतेम चार क्वार्ट पाण्यात साडेतीन औंस साधं मीठ, पाव औंस एप्सम सॉल्ट, शिवाय मॅग्नेशियम आणि पोटॅशियम क्लोराइड. मग एकदम जीव सोडण्याची घाई न करता आधी शेवाळाचे दगड ठेवून पाणी काही दिवस मुरू दिलं. ही माझ्या मते त्याची सगळ्यात मोठी करामत. दगडावरचे जिवाणू घातक अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, हे त्या काळी कुणालाच ठाऊक नव्हतं. तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून टाकी चार ते सहा आठवडे ‘सायकल’ होऊ द्यायची.

चुन्याची संयुगं मात्र त्यानं गाळली, प्रमाण क्षुल्लक आहे म्हणून. समुद्रफुलांचं त्यावाचून भागलं, कारण त्यांना सांगाडा नसतो. दगडी प्रवाळ मात्र आपलं घर कॅल्शियममधूनच बांधतं. म्हणून आजच्या रीफ टँकमध्ये आरओचं पाणी, तयार मीठ आणि क्षारता 35 ठेवूनही भागत नाही, लिटरमागे साधारण 420 मिलिग्रॅम कॅल्शियम टिकवावं लागतं, ते दर आठवड्याला मोजावं लागतं. शिवाय प्रवाळाला 25-26 अंशांचं पाणी लागतं. पनवेलच्या मे महिन्यात चिलरशिवाय ते अशक्य, आणि वीज गेली की इन्व्हर्टरचीच आशा.

पुस्तक तुफान खपलं. काचेवरचा कर 1845 मध्येच उठला होता, रेल्वे किनाऱ्यापर्यंत पोहोचत होती, आणि बघता बघता अॅक्वेरियम ही फॅशन झाली. छिन्नी-हातोडा घेऊन खडकावरचं समुद्रफूल कसं काढायचं हे गॉसनंच लिहिलं होतं, किनाऱ्यावर तो वर्गही घेई. लोकांनी नेमकं तेवढंच उचललं. पाणी मुरू द्यायचं, थोडेच जीव ठेवायचे, हे धीराचं काम कोण करणार? टाकीतले जीव मेले की पुन्हा किनारा गाठायचा.

गॉसच्या घरात याच काळात वेगळंच चाललं होतं. फेब्रुवारी 1857 मध्ये एमिली स्तनाच्या कर्करोगानं गेली. त्याच वर्षी त्यानं ‘ऑम्फलॉस’ लिहिलं. देवानं पृथ्वी घडवताना तिचा भूतकाळही तयारच घालून दिला, जीवाश्मांसकट, असा त्यातला दावा. श्रद्धा आणि भूशास्त्र दोन्ही राखायला निघालेलं हे पुस्तक दोन्हीकडच्यांनी झिडकारलं. मुलाला घेऊन तो डेव्हनमध्ये सेंट मेरीचर्चला कायमचा राहायला आला आणि ब्रिटिश समुद्रफुलांवरचा मोठा ग्रंथ 1860 मध्ये पुरा केला.

ज्या डबक्यांनी त्याला वेड लावलं होतं, ती एव्हाना ओरबाडली जात होती. एडमंडनं मोठेपणी वडिलांच्या आठवणी लिहिल्या. त्यात तो सांगतो, की लहानपणी पाहिलेली भरगच्च डबकी पुढे उजाड झाली आणि याला आपल्याच पुस्तकांची लोकप्रियता कारण ठरली, हे वडिलांना उमगलं तेव्हा त्यांना फार लागलं.

मुंबई-गोवा महामार्ग पनवेलहूनच सुरू होतो आणि त्या रस्त्यानं मालवण गाठलं, की सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास खरंखुरं प्रवाळ आहे. तिथलं सागरी अभयारण्य 1987 चं. 2001 पासून दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघ आहे तिथंच. ते समुद्रातून उचलणं, विकणं किंवा घरी ठेवणं हा तुरुंगात नेणारा गुन्हा आहे. मेलेला तुकडाही चालत नाही. दुकानदार कागदपत्रं दाखवायला टाळाटाळ करू लागला, की तिथून निघा. सिरॅमिकचे दगड आणि पैदास केलेले क्लाउनफिश, एवढ्यावरही टाकी सुरेख लागते. अशा सागरी शोभिवंत माशांची हॅचरी आपल्या जवळच, ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रात आहे. एक चक्कर मारून या.

म्हातारपणी गॉस ऑर्किड वाढवायचा, आणि पुन्हा सूक्ष्मदर्शकाकडे वळला होता. पाण्याच्या एका थेंबात मावणाऱ्या रोटिफर नावाच्या जीवांवर त्यानं दुसऱ्या एका अभ्यासकाबरोबर ग्रंथ केला, तोही पंचाहत्तरीत. थंडीतल्या एका रात्री उघड्या खिडकीपाशी दुर्बीण लावून तारे बघताना त्याला सर्दी बाधली, ती पुरती गेलीच नाही. 23 ऑगस्ट 1888 रोजी सेंट मेरीचर्चच्या घरीच तो गेला.