मंदिरशास्त्राच्या थोर उपासक : डॉ. स्टेला क्रॅमरिश

मंदिराचा जीर्णोद्धार करावयाचा म्हणजे केवळ पडक्या भिंती उभारावयाच्या नव्हेत. मंदिराचा प्रत्येक भाग का व कशासाठी आहे, हे जाणून घेणे हाही त्या कार्याचाच भाग होय. हे ज्ञान जगापुढे मांडण्यासाठी परदेशात जन्मलेल्या एका विदुषीने आपले सारे आयुष्य वेचले.

स्टेला क्रॅमरिश यांचा जन्म १८९६ साली मोराव्हिया प्रांतात झाला. हा प्रांत त्या वेळी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता, आज तो चेक प्रजासत्ताकात आहे. व्हिएन्ना विद्यापीठात कलेच्या इतिहासाचा अभ्यास करून त्यांनी १९१९ साली डॉक्टरेट मिळविली. पुढे रवींद्रनाथ टागोरांच्या निमंत्रणावरून त्या शांतिनिकेतनात आल्या. १९२२ च्या डिसेंबरात कलकत्त्यास जर्मनीच्या बाउहाउस संस्थेतील चित्रकारांचे प्रदर्शन भरले, त्यामागे त्यांची मोठी खटपट होती. त्यानंतर १९५० पर्यंत त्यांनी कलकत्ता विद्यापीठात भारतीय कला शिकविली.

विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्र व शिल्पविषयक भागाचे त्यांनी इंग्रजीत भाषांतर केले. दख्खनच्या चित्रकलेवरील त्यांचा ग्रंथ १९३७ साली निघाला. त्यात आपल्या अजिंठ्याचाही विचार आहे.

१९४६ साली कलकत्ता विद्यापीठाने त्यांचा 'द हिंदू टेंपल' हा दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. बृहत्संहिता, मयमत, समरांगणसूत्रधार अशा जुन्या ग्रंथांच्या आधारे त्यांनी मंदिराचा अर्थ उलगडला. जमिनीवर आखलेले वास्तुपुरुषमंडल हा मंदिराचा पाया. गाभारा लहान व अंधारा ठेवतात, कारण तो गर्भ आहे. शिखर पर्वतासारखे वर चढत एका बिंदूपाशी येते. बाहेरच्या भिंतींवरील मूर्ती नुसत्या शोभेसाठी नसतात, प्रदक्षिणा घालणाऱ्या भक्ताला त्या दर्शन देतात. मंदिर उभारणे हे यज्ञासारखेच आहे. त्यात जाणता आचार्य, कुशल स्थपती आणि धन देणारा यजमान या तिघांचे स्थान त्यांनी दाखविले. त्यांची सर्वच मते सर्व विद्वानांना मान्य झाली असे नाही. परंतु या विषयाच्या अभ्यासकाला हा ग्रंथ टाळून पुढे जाता येत नाही.

१९५० साली त्यांच्या पतीचा कराची येथे मृत्यू झाला. एवढा आघात होऊनही त्यांनी अभ्यास सोडला नाही. त्याच वर्षी त्या अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अध्यापनासाठी गेल्या. १९५४ पासून फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयातील भारतीय विभागाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. १९६८ साली त्यांनी तेथे खेड्यापाड्यांतील व आदिवासींच्या पूजाविधींतील वस्तूंचे प्रदर्शन मांडले. आपण ज्याकडे किरकोळ म्हणून पाहतो, त्या अनाम कारागिरांच्या हस्तकौशल्याला त्यांनी मोठ्या कलेचा मान दिला. १९८१ साली भगवान शंकराच्या विविध रूपांचे भव्य प्रदर्शन भरविले. त्याच साली शिवतत्त्वावरील त्यांचा ग्रंथ निघाला. त्यात मुंबईजवळील घारापुरीच्या लेण्यांचेही विवेचन आहे.

भारत सरकारने १९८२ साली त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. १९९३ साली फिलाडेल्फिया येथे त्यांचे देहावसान झाले.

जुना दगड काढण्यापूर्वी तो तेथे का बसविला होता हे जाणत्या कारागिरास विचारावे, आणि कोरीव कामावर रंग चढविण्यापूर्वी दोनदा विचार करावा. एवढे प्रत्येक गावाने पाळले, तरी या विदुषीच्या श्रमांचे चीज होईल.