झोपेत सुचलेला प्रयोग

ऑटो लोवीला खरं तर शिकायचा होता कलेचा इतिहास. घरच्यांनी घातलं मेडिकलला! (काहींना हे फारच ओळखीचं वाटेल.) १८७३ साली फ्रँकफुर्टमधल्या एका वाइन-व्यापाऱ्याच्या घरी जन्मलेला हा मुलगा डॉक्टर झाला खरा, पण क्षयाचे, न्यूमोनियाचे पेशंट डोळ्यांदेखत जायचे आणि हाती औषधच नसायचं. ते त्याला सोसवेना. वॉर्ड सोडून तो संशोधनाकडे वळला आणि १९०९ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राट्स विद्यापीठात औषधशास्त्राचा प्राध्यापक झाला.

तेव्हा मोठा वाद चालू होता. मज्जातंतू पुढच्या पेशीला निरोप देतो तो विजेनं की रसायनानं? एका रात्री लोवीला झोपेत प्रयोग सुचला. त्यानं चिठोऱ्यावर खरडलं आणि पुन्हा झोपला. सकाळी बघतो तर स्वतःचंच अक्षर लागेना! दुसऱ्या रात्री तीनला तोच विचार परत आला. या वेळी गडी थेट प्रयोगशाळेत.

बेडकाची दोन हृदयं, दोन्ही क्षारद्रवात धडधडणारी. पहिल्याचा व्हेगस मज्जातंतू विजेनं चेतवला, ठोके मंदावले. आता त्यातला द्रव दुसऱ्या हृदयात सोडला. याला मज्जातंतूच ठेवला नव्हता, तरी तेही मंदावलं! म्हणजे द्रवात काहीतरी उतरलं होतं. ते होतं ॲसिटिलकोलिन. १९२१ मध्ये हे छापून आलं, पण इतरांना प्रयोग जमेना, शंका घेतल्या गेल्या. १९२६ मध्ये स्टॉकहोमच्या परिषदेत त्यानं तो सगळ्यांसमोर पुन्हा पुन्हा करून दाखवला.

असं रसायन पुढच्या पेशीवरच्या रिसेप्टरला जाऊन चिकटतं, कुलपात किल्ली बसावी तसं. सेरोटोनिनचंही तेच. एवढीशी फळमाशी, पण तिच्याकडे सेरोटोनिनसाठी पाच प्रकारचे रिसेप्टर आहेत. त्यातला एक बिघडला की माशीची झोप कमी होते. किल्ली तीच, कुलूप बदललं की परिणाम वेगळा.

१९३६ मध्ये हेन्री डेलसोबत लोवीला नोबेल मिळालं. दोनच वर्षांत नाझी ऑस्ट्रियात घुसले. ज्यू लोवीला मध्यरात्री घरातून उचललं, मुलांनाही. आपल्याला मारतील, ही भीती होतीच. त्याहून मोठा घोर म्हणजे ताजं संशोधन आपल्याबरोबरच संपेल! त्यानं पहारेकऱ्याकडून पोस्टकार्ड मिळवलं, त्यावर निष्कर्ष लिहिले आणि ते एका विज्ञानपत्रिकेला धाडलं. मगच जीव भांड्यात पडला.

नोबेलची रक्कम नाझींच्या बँकेत वळती केल्यावरच त्याला देश सोडता आला. बायको मागेच अडकली, ती पुढे काही वर्षांनी भेटली. लंडन, ब्रुसेल्स करत १९४० मध्ये तो अमेरिकेला पोचला. वय ६७, खिसा रिकामा. न्यूयॉर्क विद्यापीठानं त्याला जागा दिली. १९६१ च्या नाताळात, ८८ व्या वर्षी, तो तिथेच गेला.