घराचं गाणं गाणारी जूडी

उन्हाळ्याचे दिवस. स्वयंपाकघरात मोठ्या पातेल्यात टोमॅटोचं केचप रटरटतंय. घरातला येणारा-जाणारा प्रत्येक जण चमचा बुडवून चव घेतोय आणि प्रत्येकाचं मत वेगळं! चार बहिणी, एक भाऊ, आई-वडील, आजोबा आणि स्वयंपाकघरावर राज्य करणारी कामवाली बाई. शेजारच्या घरात एक देखणा मुलगा नुकताच राहायला आलाय आणि दोन नंबरची बहीण, एस्थर, खिडकीतून त्याच्याकडे चोरून बघतेय...

नाही, ही आपल्याकडची मालिका नव्हे! हा आहे १९४४ सालचा हॉलिवूडचा चित्रपट, ‘मीट मी इन सेंट लुईस’. त्या काळात हॉलिवूडमध्ये अशा चित्रपटांची लाटच होती. छोटं गाव, भरलेलं घर, अंगणातली झाडं, कोवळं प्रेम आणि अधूनमधून गाणी. मला हे चित्रपट फार आवडतात. भांडण झालं तरी जेवायला सगळे एका टेबलावर, हे बघताना जिवाला बरं वाटतं. पण त्यातल्या एस्थरचं, म्हणजे जूडी गार्लंडचं आयुष्य वाचलं आणि तेव्हापासून तिचं गाणं ऐकताना घशात आवंढा येतो. जगाला घराचं स्वप्न दाखवणाऱ्या या पोरीला स्वतःचं घर फारसं लाभलंच नाही.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात ग्रँड रॅपिड्स नावाचं छोटंसं गाव आहे. तिथे गम कुटुंबात १० जून १९२२ रोजी तिसरी मुलगी जन्माला आली. नाव ठेवलं फ्रान्सिस एथेल. वडील फ्रँक गावातलं सिनेमाचं थिएटर चालवायचे, आई एथेल तिथे पियानो वाजवायची. सिनेमाच्या मधल्या वेळात दोघी थोरल्या मुली गाणी म्हणायच्या. १९२४ च्या नाताळात अडीच वर्षांच्या धाकटीलाही स्टेजवर उभं केलं. तिनं नाताळचं एक गाणं म्हटलं, पुन्हा म्हटलं, पुन्हा पुन्हा म्हटलं... टाळ्या थांबेनात आणि ही खाली उतरेना! शेवटी तिला उचलूनच न्यावं लागलं म्हणे.

ती चार वर्षांची असताना, १९२६ साली, कुटुंबानं गाव सोडलं आणि ते कॅलिफोर्नियातल्या लँकेस्टरला गेलं. वडिलांनी तिथे दुसरं थिएटर चालवायला घेतलं. आईच्या डोक्यात मात्र एकच ध्यास होता, मुलींना सिनेमात घालायचं! मुलींना घेऊन ती गावोगावच्या कार्यक्रमांना आणि स्टुडिओंच्या दारांशी फिरू लागली. १९३४ साली ‘गम सिस्टर्स’च्या झाल्या ‘गार्लंड सिस्टर्स’ आणि त्यानंतर लवकरच धाकट्या फ्रान्सिसची झाली जूडी. १९३५ च्या सप्टेंबरात बलाढ्य एमजीएम स्टुडिओनं तिच्याशी करार केला. तेव्हा ती अवघी तेरा वर्षांची होती.

आणि दोनच महिन्यांत वडील गेले. मेंदूज्वरानं, अचानक. लेकीवर अपार माया करणारं माणूस होतं ते. तिच्या आयुष्यातलं घर, मला वाटतं, तिथेच संपलं. उरला तो स्टुडिओ.

स्टुडिओ तरी कसा? त्या काळी कलाकार महिन्याच्या पगारावरच्या नोकरासारखे बांधलेले असत. कुठला चित्रपट करायचा, काय घालायचं, काय खायचं, सगळं मालक ठरवणार. जूडी बुटकी, गोल चेहऱ्याची. आजूबाजूला लाना टर्नरसारख्या सौंदर्यवती! आपण सुंदर नाही हे तिच्या मनावर इतकं बिंबवलं गेलं की तो न्यूनगंड जन्मभर गेला नाही. वाढत्या वयातल्या त्या पोरीचं जेवण मोजूनमापून दिलं जायचं. भूक मारायला आणि कामाला तरतरी यायला गोळ्या. त्या गोळ्यांनी झोप उडाली की झोपायला वेगळ्या गोळ्या. हे जूडीनंच पुढे सांगून ठेवलंय.

पडद्यावर मात्र ती शेजारची गोड, हसरी मुलगी होती. मिकी रूनी या अवखळ नटाबरोबर तिची जोडी जमली. ‘अँडी हार्डी’ चित्रपटांची मालिका कार्व्हेल नावाच्या काल्पनिक गावात घडते. न्यायाधीश वडील, समंजस आई आणि प्रेमात धडपडणारा मुलगा. त्यातल्या तीन चित्रपटांत जूडी आहे. मग १९३९ साली आला ‘द विझार्ड ऑफ ओझ’. वादळानं उडून परक्या देशात गेलेली डोरोथी तिनं साकारली. लाल चमचमत्या बुटांच्या टाचा तीनदा एकमेकींवर आपटायच्या आणि घरी परतायचं, अशी ती गोष्ट. सोळा वर्षांच्या जूडीला लहान मुलगी दिसण्यासाठी छाती आवळून बांधावी लागली होती. त्यातलं इंद्रधनुष्याचं गाणं जगभर गाजलं, तिला खास बाल-ऑस्करही मिळालं.

‘मीट मी इन सेंट लुईस’ आला तेव्हा ती बावीस वर्षांची होती. तोवर तिचं एक लग्न होऊन फिसकटलंही होतं. आता पुन्हा शाळकरी पोरीची भूमिका नको, असं तिनं निक्षून सांगितलं. पण दिग्दर्शक व्हिन्सेंट मिनेली यांनी कॅमेऱ्यातून तिला असं काही टिपलं की आपणही सुंदर दिसू शकतो हे तिला पहिल्यांदाच कळलं. १९४५ साली तिनं मिनेलींशीच लग्न केलं आणि पुढच्या वर्षी लायझाचा जन्म झाला.

या चित्रपटाची गोष्ट आपल्या बायकांना चटकन पटेल अशी आहे. १९०३ साल. सेंट लुईस शहरात पुढच्या वर्षी जागतिक प्रदर्शन भरणार म्हणून घरदार खुशीत आहे. आणि वडील बातमी आणतात, न्यूयॉर्कला बदली! शाळा, मैत्रिणी, शेजारचा तो मुलगा, सगळं सोडायचं. नाताळच्या रात्री एस्थर धाकट्या टूटीला समजावत गाणं म्हणते. टूटीला काही ते सहन होत नाही. ती अंगणात धावते आणि आपण केलेले बर्फाचे बाहुले काठीनं फोडून टाकते. वरच्या खिडकीतून वडील ते बघतात आणि बदली रद्द करून टाकतात. किती बायकांच्या मनातली इच्छा असेल ही!

त्या नाताळच्या गाण्याचीही एक गोष्ट आहे. आधी त्याचे शब्द फार उदास होते. रडणाऱ्या लहान मुलीपुढे असं गायलं तर लोक मला दुष्ट म्हणतील, असं जूडीनं हट्टानं सांगितलं आणि ते बदलून घेतले. तेव्हा दुसरं महायुद्ध चालू होतं, घराघरातले मुलगे दूर आघाडीवर होते. लोकांना ते गाणं आपलंच वाटलं. आजही नाताळात ते वाजतं.

आता गंमत बघा. ही गोष्ट सॅली बेन्सन या लेखिकेनं स्वतःच्या बालपणावर लिहिली होती. चित्रपटात कुटुंब सेंट लुईसलाच राहतं. खऱ्या आयुष्यात ते न्यूयॉर्कला गेलंच! आणि पडद्यावरची ती झाडांची, टुमदार घरांची गल्ली? ती कॅलिफोर्नियात स्टुडिओच्या आवारात उभारलेली होती.

जूडीचं पुढचं आयुष्य म्हणजे पडणं आणि उठणं. गोळ्या सुटेनात, सेटवर उशीर होऊ लागला, मन मोडून पडू लागलं. पंधरा वर्षं राबवून घेतलेल्या स्टुडिओनं १९५० मध्ये तिला मोकळं केलं. वय फक्त अठ्ठावीस! सगळ्यांनी ती संपली असं धरलं. आणि तिनं १९५१ साली लंडन गाजवलं, मग न्यूयॉर्कच्या पॅलेस थिएटरात सलग एकोणीस आठवडे गाऊन दाखवलं. १९५४ च्या ‘अ स्टार इज बॉर्न’साठी ऑस्कर हुकलं. १९६१ साली कार्नेगी हॉलमधल्या मैफलीच्या ध्वनिमुद्रिकेला वर्षातल्या सर्वोत्कृष्ट अल्बमचं ग्रॅमी मिळालं. तो मान मिळवणारी ती पहिली स्त्री.

पण पैसा हातात टिकला नाही. कर थकले, हिशेब बघणाऱ्यांनी फसवलं, १९६७ मध्ये राहतं घरही विकावं लागलं. पाच लग्नं झाली. लायझा, लॉर्ना आणि जोई या तिन्ही मुलांवर तिचा जीव होता. आईशी मात्र तुटलं ते तुटलंच. १९५३ साली एथेल विमानाच्या कारखान्यात नोकरी करत होती. तिथल्याच वाहनतळावर ती कोसळून गेली. मला या आईचा रागही येतो आणि कीवही. लेकीला मोठं करण्याच्या नादात तिची लेकच हातून निसटली.

२२ जून १९६९. लंडनच्या घरात जूडी मृतावस्थेत सापडली. झोपेच्या गोळ्या चुकून जास्त झाल्या होत्या. वय सत्तेचाळीस. न्यूयॉर्कला तिच्या अंत्यदर्शनासाठी सुमारे वीस हजार लोक रांगेत उभे होते.

टीव्हीवर चिमुरडी मुलं गाताना, नाचताना दिसली की मी कौतुकानं बघते, आणि जूडी आठवते. आपल्याकडे २०१७ च्या नियमांनुसार अशा मुलांना दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून अधिक नाही. कमाईचा किमान वीस टक्के वाटा मुलाच्या नावानं बँकेत मुदतठेवीत ठेवावाच लागतो. तुमच्या ओळखीत कुणाचं लेकरू अशा वाटेवर असेल, तर त्याच्या आईला हे जरूर सांगा. आणि मुलानं आज नको म्हटलं तर ऐकायलाही सांगा.

ग्रँड रॅपिड्समधलं जूडीचं जन्मघर आता संग्रहालयाचा भाग आहे. तिथे ठेवलेले डोरोथीचे लाल बूट २००५ मध्ये चोरीला गेले, २०१८ मध्ये सापडले आणि २०२४ च्या डिसेंबरात लिलावात विकले गेले. किंमत ३ कोटी २५ लाख डॉलर, म्हणजे आपले जवळपास पावणेतीनशे कोटी रुपये! ते बूट घालून घरी परतणारी मुलगी कर्जातच गेली होती. जमलं तर ‘मीट मी इन सेंट लुईस’ एकदा बघाच. आणि ती नाताळचं गाणं म्हणू लागली की तिच्या डोळ्यांकडे बघा.