विश्लेषण : लहान मुलांच्या मेंदूतील कर्करोगाला नाव देणारे हार्वे कुशिंग कोण होते?

मेड्युलोब्लास्टोमा ही लहान मुलांच्या मेंदूत होणारी आक्रमक गाठ. हिच्यावर आज ‘मायक्रोआरएनए’च्या पातळीवर संशोधन सुरू आहे. मात्र तिला नाव मिळाले ते १०० वर्षांपूर्वी, अमेरिकी शल्यचिकित्सक हार्वे कुशिंग आणि त्यांचे सहकारी पर्सिव्हल बेली यांच्यामुळे.

सुरुवात कशी झाली?

कुशिंग यांचा जन्म ८ एप्रिल १८६९ रोजी क्लीव्हलँडमध्ये, डॉक्टरांच्या घराण्यात झाला. हार्वर्डमध्ये शिकत असताना त्यांनी भूल दिलेला एक रुग्ण दगावला. हा धक्का त्यांनी विसरू दिला नाही. वर्गमित्र कॉडमन यांच्यासह त्यांनी शस्त्रक्रियेदरम्यान नाडी आणि श्वासाची नोंद ठेवणारा तक्ता तयार केला. १९०१ मध्ये इटलीहून रक्तदाब मोजण्याचे उपकरणही ते घेऊन आले.

मेंदूची शस्त्रक्रिया सुरक्षित कशी झाली?

त्या काळी मेंदूला हात लावणे म्हणजे रक्तस्रावाशी झुंज. कुशिंग यांनी १९११ मध्ये रक्तवाहिन्या बंद करणाऱ्या चांदीच्या क्लिप वापरात आणल्या. १९२६ मध्ये बोव्ही यांच्या विद्युत उपकरणाचा वापर सुरू केला. त्याच वर्षी ऑस्लर यांच्या चरित्रासाठी त्यांना पुलित्झर मिळाले. त्याच वर्षी मुलगा विल्यम मोटार अपघातात गेला. बातमी कळल्यानंतरही त्यांनी त्या दिवशीची ठरलेली शस्त्रक्रिया पार पाडली.

गाठीला नाव कसे मिळाले?

१९२५ मध्ये बेली-कुशिंग यांनी लहान मेंदूतील या गाठीचे वेगळेपण मांडले. ती ‘मेड्युलोब्लास्ट’ पेशींपासून होत असावी, असा त्यांचा अंदाज होता. अशी पेशी कधी सापडलीच नाही. नाव मात्र टिकले. गाठ काढली तरी ती पुन्हा वाढे आणि बहुतेक मुले वाचत नसत. तरीही कुशिंग यांनी गाठी, छायाचित्रे आणि नोंदी जपल्या. रुग्णांना दरवर्षी पत्राने खुशाली कळवायलाही ते सांगत.

मायक्रोआरएनएचा संबंध काय?

हे सुमारे २२ अक्षरी रेणू स्वतः प्रथिने बनवत नाहीत, तर जनुकांच्या संदेशांना लगाम घालतात. अँब्रोस आणि रुव्हकुन यांनी १९९३ मध्ये केलेल्या या शोधाला २०२४ चे नोबेल मिळाले. मेड्युलोब्लास्टोमाचे आता चार प्रमुख गट मानले जातात. त्यातील ‘सॉनिक हेजहॉग’ गटाच्या अनेक गाठींत ‘मिर-१७-९२’ हा मायक्रोआरएनए समूह प्रमाणाबाहेर वाढलेला आढळतो आणि पेशींच्या वाढीला बळ देतो.

याचे महत्त्व काय?

किरणोपचार मुलांचे प्राण वाचवतात, पण वाढत्या मेंदूच्या शिकण्याच्या क्षमतेवर परिणामही करतात. गाठ कोणत्या गटातली हे कळले, तर कोणत्या मुलाला किती मारा द्यायचा, हे ठरवणे सोपे होते. कुशिंग ७ ऑक्टोबर १९३९ रोजी गेले. त्यांनी जपलेल्या गाठी आजही येल विद्यापीठात आहेत. सूक्ष्मदर्शकाने त्यांनी सुरू केलेली वर्गवारी आता रेणूंपर्यंत पोहोचली आहे.